जनीचे बोल कोण लिहून घेई?

सुताराचा मुलगा रंधा धरायला शिकतो तो बापाच्या शेजारी बसून. कुंभाराच्या पोराच्या बोटांना चिखलाची ओल कळते ती चाकापाशी राहून. सोनार घ्या, शिंपी घ्या, विणकर घ्या; प्रत्येक कसबाला शिकण्याची एक जागा असते, शिकवणारा हात असतो आणि चुकलं तर टोकणारं माणूस असतं. मग कवित्वाचे काय? कवी हा जन्मावा लागतो, असे आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्यात थोडे तथ्य असेलही. पण वाचकहो, जिला जन्माने काहीच दिले नाही, ना अक्षर, ना घर, ना हक्काचे माणूस, अशी एक पोर मराठीतील थोर कवयित्री झाली. ती कशी झाली? तिला कोणी शिकवले?

ही पोर म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेडची जनी. आणि या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुना परभणी जिल्हा डोळ्यांपुढे आणा. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. त्याआधी गंगाखेड, नरसी आणि औंढा नागनाथ ही तिन्ही गावे एकाच परभणी जिल्ह्यात होती. गंगाखेड जनाबाईचे. नरसी नामदेवांच्या घराण्याचे. औंढा म्हणजे नामदेवांना गुरू विसोबा खेचर जिथे भेटले असे सांगतात ते ठिकाण. शिष्या, तिला घरात सांभाळणारा कवी आणि त्या कवीचा गुरू, तिघांचेही धागे या एका मुलखात गुंतलेले आहेत. कवित्व शिकण्याची एक शाळा इथल्या माणसांनी उभी केली. तिला इमारत नव्हती, पाटी नव्हती, परीक्षा मात्र होती. त्या शाळेची ही हकीकत.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तेराव्या-चौदाव्या शतकातील या मंडळींच्या हातचा कागद आपल्यापर्यंत आलेला नाही. त्यांचे अभंग कीर्तनकारांच्या तोंडून आणि वारकऱ्यांच्या बाडांतून शतकानुशतके फिरत राहिले. त्यांच्या चरित्रांतील पुष्कळ गोष्टी आपल्याला माहीत आहेत त्या महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे, आणि तो ग्रंथ १७६२ सालचा, म्हणजे चारशे वर्षांनंतरचा आहे. तेव्हा पुढे जे सांगायचे आहे त्यात काही इतिहास आहे आणि काही परंपरेने जपलेली आठवण आहे. पण आठवणीलाही अर्थ असतो. लोक कोणती गोष्ट चारशे वर्षे विसरत नाहीत, यावरून त्यांना काय मोलाचे वाटले ते कळते.

परंपरा सांगते ती अशी. गंगाखेडच्या दमा नावाच्या विठ्ठलभक्ताची ही मुलगी. आईचे नाव करुंड. लहानपणीच ती पंढरपुरात दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि तिथेच कामाला राहिली. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. जनीच्या जन्माचे वर्ष सांगता येत नाही. तिने देह ठेवला तोही १३५० सालीच, असे सांप्रदायिक मत आहे. म्हणजे सारे आयुष्य तिने एका घरात काढले. दळण, कांडण, झाडलोट, शेण गोळा करणे, पाणी भरणे, धुणे. घरातील सर्वांच्या आधी उठणे आणि सर्वांच्या नंतर निजणे. लिहिण्याला लागणारी सवड म्हणतात ती या बाईला कधी मिळाली असेल असे दिसत नाही.

तिची पहिली शाळा म्हणजे जाते. आता गावोगाव गिरणी झाली आणि जाते अंगणाच्या कोपऱ्यात गेले, तेव्हा नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसत. एकच खुंटा दोघींच्या हातांत. एकीने ओवीची पहिली ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी आणि पुढे न्यावी. जात्याच्या फेऱ्याला जेवढा वेळ लागतो आणि छातीत जेवढा दम असतो, तेवढीच ओळ. शब्द जास्त झाले तर हात थांबतो, कमी पडले तर फेरा रिकामा जातो. छंदाचे मोजमाप कोणी समजावून देत नाही, ते खांद्यात आणि मनगटात भिनते. आणि मौज पाहा, इथे ऐकणारी आणि म्हणणारी वेगळी नसतेच. आज ऐकते ती उद्या म्हणते. कुणाची ओवी आवडली तर ती आपली करून घ्यायची, तिच्यात आपल्या भावाचं, आपल्या गावाचं नाव घालायचं. याला कोणी चोरी म्हणत नाही.

ही शाळा केवढी मोठी होती याचा अंदाज आपल्याला अलीकडे आला. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वां या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली! शाळेची पायरी न चढलेल्या बायकांचे हे भांडार. तेव्हा जनी ही एकटीदुकटी, आभाळातून पडलेली कवयित्री नव्हे. ती एका मोठ्या, निनावी, जात्याभोवतीच्या मंडळातून आली. मग प्रश्न असा की, त्या मंडळातील लाखो जणींची नावे गेली आणि जनीचे नाव का राहिले? कारण तिला दुसरी एक शाळा मिळाली.

ती दुसरी शाळा म्हणजे नामदेवांचे घर. या घरासारखे घर मराठी वाङ्मयात दुसरे सापडणे कठीण. नामदेव तर कवी होतेच. पण त्यांच्या आई गोणाई, पत्नी राजाई, मुले, मुलगी, सुना अशा घरच्या अनेकांच्या नावावर अभंग आहेत. ते ज्याचे त्याने रचले की पुढच्या कीर्तनकारांनी त्यांच्या तोंडी घातले, यावर अभ्यासकांनी जरूर वाद घालावा. परंतु परंपरेने या घराची आठवण जपली ती अशी, की इथे कवित्व हा एकट्या कर्त्या पुरुषाचा उद्योग नव्हता. शंभर कोटी अभंग रचण्याचा नामदेवांचा संकल्प प्रसिद्धच आहे. आकडा भक्तीच्या भरातला आहे, तो हिशेबाला घेऊ नये. ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की हा संकल्प घरच्या माणसांनी आपापसांत वाटून घेतला असे सांगतात, आणि त्या वाटणीत दासी जनीलाही तिचा वाटा मिळाला. शेतीच्या कामात जसा घरच्या प्रत्येकाला एक तास धरायला देतात, तसाच हा प्रकार. जिला ताटात उरेल ते मिळायचे, तिला कवितेत मात्र बरोबरीचा वाटा!

आता कसबाकडे वळू. अभंग रचायचा म्हणजे नेमके करायचे काय? मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, शेवटच्यात चार. सहा त्रिक अठरा आणि चार, अशी बावीस अक्षरे झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळवायचे, आणि शेवटचा आखूड चरण गाडीच्या खिळीसारखा नेमका बसवायचा. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात. नामदेवांच्या नावावर एक अभंग असा आहे की त्यात हाच हिशेब सांगितला आहे: चरण किती, अक्षरे कशी मोजावी, तीन चरणांत अठरा कशी भरतात आणि अखेर बेरीज बावीस कशी होते. देवाचे प्रेम गाणारा कवी शिकणाऱ्यासाठी बोटे मोडून अक्षरे मोजून दाखवतो, हे फार बोलके आहे. भाव मनात आपोआप येत असेल, अक्षरे मात्र मोजावी लागतात. आणि जे मोजता येते ते शिकवता येते.

ज्याला लिहितावाचता येत नाही त्यालाही हा हिशेब कसा जमे? कीर्तनामुळे. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन उभे राहिले की कवीने पद म्हणायचे आणि मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुपद धरायचे. एक अक्षर जास्त झाले की टाळ अडखळतो. शब्द जड असला तर दहा तोंडांतून तो एकसारखा निघत नाही. ओळ बरी की वाईट यावर कोणाला भाषण करावे लागत नाही. दहाजणांनी ती उचलली की समजावे ओळ उभी राहिली. आणि नाही उचलली तर? तर उद्या पुन्हा. हसायचे कारण नाही, कारण आज ज्याची ओळ पडली त्यानेच कालपर्यंत दुसऱ्याच्या ओळीला साथ केलेली असते. मंडळातल्या शिकण्याचे मर्म मला यातच दिसते. तिथे प्रत्येकजण आळीपाळीने पुढे असतो आणि मागेही असतो.

या मंडळाचा आणखी एक शहाणपणाचा नियम होता. छंद सर्वांचा एक, देव एक, शब्दही बरेचसे सामाईक. पण अखेरच्या चरणात आपले नाव घालायचे. या नाममुद्रेने ओळखावे की बोल कोणाचा. सावता माळी आपले नाव घालतात, गोरोबा आपले, चोखोबा आपले. चोखोबांच्या घरीही असेच एक मंडळ होते: पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचे यजमान बंका, मुलगा कर्ममेळा, आणि प्रत्येकाची मुद्रा निराळी. जनीच्या मुद्रेत तिचे नाव बहुधा नामदेवांच्या नावाला जोडून येते. आपण त्यांची दासी हे ती लपवीत नाही. पण नामदेवांचे नाव घेऊनही ती अभंग त्यांच्या नावावर करीत नाही. अभंग जनीचा. सातशे वर्षांपूर्वी एक मोलकरीण आपल्या शब्दाखाली स्वतःचे नाव घालते आणि भोवतालची मंडळी ते नाव पुसत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरून त्या मंडळाची पारख व्हावी.

इथे कोणी म्हणेल, सगळेच प्रेमळ, सगळेच एकमेकांची वाहवा करणारे, अशा ठिकाणी कसब वाढते कसे? शंका रास्त आहे. नुसत्या कौतुकाने कवी बिघडतो. पण या मंडळात ठोकून पाहण्याचीही रीत होती, आणि ती ‘ठोकून’ या शब्दाच्या खऱ्या अर्थाने. गोरोबा कुंभारांच्या तेर गावची ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताईने गोरोबांचे थापटणे पाहून विचारले, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते पाहण्यासाठी. मग आमच्यातही कच्चे कोण ते पाहा, असे मुक्ताईने सुचवले. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत नेले. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले, दुखावले. गोरोबांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे.

विचार करा, नामदेव म्हणजे त्या मेळ्यातील लाडके कवी. पंढरीनाथ ज्यांच्याशी बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्यांना चारचौघांत कच्चे ठरवले. अशा वेळी मंडळे फुटतात. पण इथे काय झाले? नामदेव तिथून निघाले ते औंढ्याच्या वाटेला लागले आणि त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले. देव एका मूर्तीपुरता नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला, आणि ते पुन्हा त्याच मंडळीत परत आले. मला विशेष वाटते ते पुढचेच: ही फजितीची हकीकत नामदेवांच्या गाथेतच जपलेली आहे. ज्याला कच्चा म्हटले त्याच्याच दप्तरात ती राहिली. टीका पचली याची याहून मोठी खूण कोणती? आणि ती पचली याचे कारणही उघड आहे. गोरोबांनी मडके फोडले नव्हते. त्यांनी एवढेच सांगितले, की अजून आव्यात जायचे आहे.

त्याच काळातील दुसऱ्या एका मंडळाची गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे फरक कळतो. महानुभाव पंथातील कवी भास्करभट्ट बोरीकर यांनी ‘शिशुपाळवध’ हे सुंदर काव्य रचले. ज्या बोरी गावावरून त्यांना बोरीकर म्हणतात तेही परभणी जिल्ह्यातलेच मानतात. हे काव्य पंथातील ज्येष्ठ गुरुबंधूंना दाखवले, तेव्हा अभिप्राय आला तो असा: ग्रंथ चांगला झाला, पण यात शृंगार फार, विरक्तांच्या उपयोगाचा नाही. भास्करभट्टांनी तो मानला आणि पुढे ‘उद्धवगीता’ रचली. तीही थोर आहे. परंतु इथे मंडळाने विचारले की हे लेखन आमच्या मार्गात बसते का? गोरोबांनी विचारले की तू पक्का झालास का? पहिल्या प्रश्नाने लेखनाचा विषय बदलला. दुसऱ्याने लेखक वाढला. आपण ज्या मंडळात बसतो तिथे यांपैकी कोणता प्रश्न विचारला जातो, हे ज्याने त्याने पाहावे.

जनीच्या बाबतीत वारकरी मंडळाने पहिला प्रश्न विचारला नाही, हे आपले मोठे भाग्य. विचारला असता तर तिचे निम्मे अभंग राहिले नसते. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. हरिश्चंद्राचे आख्यान, थाळीपाक अशी लांबलचक कथनेही आहेत. पण जनीला जनीपण आले ते तिच्या कामाच्या अभंगांमुळे. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण वेचू लागतो, पाणी तापवतो, डोक्यातल्या उवा काढतो. ती त्याला मायेने हाक मारते, आणि मनासारखे झाले नाही की त्याला घालूनपाडून बोलते, शिव्यासुद्धा देते. देवाला शिव्या! आणि त्याही कीर्तनात गायल्या गेल्या. ज्ञानदेवांकडे प्रज्ञा होती, नामदेवांकडे आर्तता होती. शेणाची पाटी मात्र जनीकडेच होती. छंद तिला मंडळाने दिला आणि मंडळाला ठाऊक नसलेला विषय तिने आणला. घेणे आणि देणे दोन्ही झाले. म्हणून त्या घरात ती केवळ आश्रित राहिली नाही.

आता त्या शाळेच्या सर्वांत महत्त्वाच्या, आणि सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या गोष्टीकडे येतो. जनीच्या नावावर एक अभंग असा आहे की त्याला त्या मंडळाचा हजेरीपटच म्हणावा. कोणाचे बोल कोण लिहून घेई, याची यादी तिने त्यात दिली आहे. ज्ञानेश्वरांचे बोल चिदानंदबाबा लिहीत. निवृत्तिनाथांचे सोपानदेव लिहीत. मुक्ताईचे शब्द स्वतः ज्ञानदेव लिहून घेत. चांगदेवांचे श्यामा कासार, सावता माळ्यांचे काशिबा गुरव, आणि चोखामेळ्यांचे अनंतभट्ट. वाचकहो, ही नावे नुसती वाचून सोडू नका. ज्याने गीतेवर टीका सांगितली तो थोरला भाऊ धाकट्या बहिणीपुढे लेखणी घेऊन बसतो. माळ्याचे बोल गुरव लिहितो. आणि ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, ज्याची सावली टाळली, त्याच्या शब्दांसाठी एक भट दौत-लेखणी घेऊन बसतो. ही यादी अक्षरशः जशीच्या तशी खरी असो वा नसो, ज्या समाजाने ती जपली त्याला हे दृश्य शोभादायक वाटले, एवढे निश्चित.

आणि यादीच्या शेवटी जनीचे नाव येते. जनीचे कोण लिहून घेई? ती सांगते, पांडुरंग.

भाविकाला यात देवाची कृपा दिसते, ती दिसावीच. जनीचा अभिमानही त्यात आहे; तुमचे लिहिणारे माणसे, माझा लिहिणारा प्रत्यक्ष तो. पण इतिहास वाचणाऱ्याने या ओळीपाशी थोडे थांबले पाहिजे. यादीतील इतरांना माणसे मिळाली. दासीपाशी बसायला कोणते माणूस मिळाले, त्याचे नाव या यादीत नाही. पहाटे जात्यापाशी, अंधारात, जेव्हा तिला शब्द सुचत तेव्हा लिहिता येणारी मंडळी निजलेली असणार. देवाशिवाय जागे कोण होते? तिच्या नम्रतेत हा एक धारदार हिशेब आहे. मंडळाने तिला कान दिला, छंद दिला, नाव दिले. हात मात्र दिला की नाही, याचा पुरावा ती मागे ठेवत नाही.

तेव्हा या शाळेचे गुण गाताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. चोखोबांचे उदाहरण तर त्याहून कठोर आहे. कवी म्हणून या मेळ्यात ते सर्वांचे, पण विठ्ठलाच्या देवळाचा उंबरठा त्यांना बंदच. परंपरेप्रमाणे १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. समोर, म्हणजे बाहेरच. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण मांडले, तेव्हा कुठे ते दार हरिजनांसाठी उघडले. मधली सहाशे वर्षे चोखोबांचे अभंग आत गायले जात होते आणि चोखोबांची माणसे बाहेर उभी होती. मायेचे मंडळ माणसाला वाणी देऊ शकते. समाजाचे कुलूप एकट्या वाणीने निघत नाही. हे दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

लिहून घेणारा हात किती मोलाचा, हे पाहायचे तर नामदेवांचीच गोष्ट घ्या. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतल्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले, पंजाबात राहिले असे सांगतात. तिथल्या लोकांनी त्यांची पदे जपली, आणि १६०४ साली शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला तेव्हा नामदेवांची ६१ पदे त्यात आली. गोणाईचा मुलगा, नरसीच्या शिंप्याच्या घरचा, तो आज गुरुद्वारात रोज वाचला जातो. कुणीतरी ऐकले, कुणीतरी लिहिले, म्हणून. आपल्याकडे जनीचे जे राहिले तेही अशाच अनामिक वारकऱ्यांच्या बाडांमुळे. त्यांत कुणी आपल्या पदरचे दोन शब्द घातलेही असतील. पण त्यांनी खाली नाव मात्र जनीचेच ठेवले.

ही परंपरा आपल्या जिल्ह्यात आटली असे मानण्याचे कारण नाही. निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चाले, तेव्हाही इथे मराठी लिहिणारे होते. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुळकर्णी, हे आपल्याच जिल्ह्यातले. १९१३ साली जन्म, सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी, आणि उण्यापुऱ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात कविता, कथा, कादंबऱ्या. १९५३ साली ते गेले. १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली, आणि या भागातील लिहिणाऱ्यांना एकत्र बसण्याची एक जागा मिळाली.

पुढे १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरले. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. त्यांची कहाणी माहीत आहे ना? जन्मतःच टाकून दिलेले ते मूल एका गिरणी कामगाराने उचलून घरी नेले, वाढवले, आपले नाव दिले. गिरण्यांच्या वस्तीत, कामगारांच्या चळवळीत ते शिकले आणि कवी झाले. परक्याच्या घरी वाढलेल्या जनीच्या जिल्ह्यात, परक्याच्या घरी वाढलेला हा कवी अध्यक्षाच्या आसनावर बसला. योगायोग असेल. पण दोघांच्याही आयुष्यात कुणीतरी आधी घरात घेतले आणि मग कविता आली, हा क्रम योगायोगाचा नव्हे.

तेव्हा ज्यांना लिहिण्याची हौस आहे त्यांना या जुन्या शाळेतून काय उचलता येईल? फार नाही, चार गोष्टी. चारचौघांनी नियमाने जमावे आणि लिहिलेले मोठ्याने वाचावे. कान डोळ्यापेक्षा लवकर चूक पकडतो. कसबाच्या ज्या बाबी मोजता येतात त्या आधी पक्क्या कराव्या, मग भावाची चर्चा करावी. ठोकून पाहावे, पण गोरोबांच्या हाताने: मडके आव्यात परत जावे म्हणून, फुटावे म्हणून नव्हे. आणि सर्वांचे सारखे झाले तरी चालेल अशा भ्रमात न राहता, प्रत्येकाने आपल्या घरचे, आपल्या कामाचे जे कोणाजवळ नाही ते घेऊन यावे.

पाचवी गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती न लिहिणाऱ्यांसाठीही आहे. पंढरपुराजवळ गोपाळपूरला जनीचे म्हणून एक जाते दाखवतात. लोक त्याला हात लावतात, नमस्कार करतात. तो जरूर करावा. पण तुमच्या स्वतःच्या घरी, नाहीतर शेजारी, जात्यावर बसलेली एखादी आजी, मावशी, आत्या अजून असेल. तिच्यापाशी ओव्या असतील आणि त्या कुणी विचारल्या नसतील. एका संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसा. ती म्हणेल, माझं मेलीचं काय लिहितोस! तरी लिहा. जशी म्हणेल तशी लिहा, तिचे शब्द सुधारू नका, आणि खाली तिचे नाव, गाव व तारीख घाला. जनीची यादी अजून पुरी झालेली नाही. तिच्यात लिहून घेणाऱ्यांच्या नावांना जागा आहे.